बेई या म्वीशो

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एक तरी प्रवासवर्णन असते आणि त्यात हमखास एक सूर्योदय असतो. मसाईमारातला सूर्योदय मीही पाहिला. सिंह पाहिले, मारा नदीच्या काठी अडखळत उभे राहिलेले विल्डबीस्टचे कळप पाहिले. त्या सर्वांची छायाचित्रे आमच्या सहप्रवासी भूलतज्ज्ञांनी मंडळाच्या कोजागिरीला दाखवली आहेतच, आणि ती पाहताना अनेकांना भूल न देताच झोप लागली हेही सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा मी जनावरांविषयी लिहीत नाही. त्या प्रवासात माझा सर्वाधिक वेळ ज्यात गेला, त्याविषयी लिहिते. तो गेला रस्त्याकडेच्या दुकानांत भाव करण्यात.

या विद्येतले माझे शिक्षण बडोद्यातच झाले. वैद्यकीय पदवीनंतर एम. डी. साठी तीन वर्षे लागली. मंगळ बाजारात सासूबाईंच्या हाताखाली त्याहून अधिक. त्यांचे काही दंडक होते. वस्तू आवडली तर ती प्रथम खाली ठेवायची. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याच्याही खाली मागायचे. दुकानदाराने ‘छेल्लो भाव’ म्हटले की तो छेल्लो नाही असे समजायचे. आणि पाठ फिरवून निघताना सावकाश निघायचे, म्हणजे मागून येणारी हाक ऐकू येते. माझे यजमान शल्यचिकित्सक. पोटात हात घालताना न डगमगणारा हा मनुष्य मी भाव करू लागले की चार दुकाने पलीकडे जाऊन उभा राहतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही तीन डॉक्टर जोडपी केनियाला गेलो. जाण्यापूर्वी पीतज्वराची लस घेतली. तिचा दाखला २०१६ पासून आजन्म ग्राह्य धरला जातो, त्यामुळे पुन्हा आफ्रिकेला जायला आमच्याकडे आता सबब उरलेली नाही. नैरोबीहून उघडत्या टपाच्या गाडीतून निघालो आणि तास-दीड तासातच ‘ग्रेट रिफ्ट व्हॅली’च्या कड्यावर थांबलो. समोर जमीन एकाएकी खचलेली, खाली विस्तीर्ण दरी, दूरवर लोंगोनोट ज्वालामुखीचा बोडका कटोरा. उंची सुमारे आठ हजार फूट. वारा इतका गार की विषुववृत्ताजवळ आलो आहोत यावर विश्वास बसू नये. कड्याला लागून लाकडी फळ्यांची दुकाने होती आणि मेंढीच्या कातड्याच्या टोप्या, ढाली, भाले, मुखवटे यांनी ती ओसंडत होती. निसर्गसौंदर्याला आम्ही दहा मिनिटे दिली, दुकानांना पन्नास.

तिथली पद्धत आपल्यापेक्षा निराळी आहे, आणि मला कबूल केले पाहिजे, अधिक पक्की आहे. आत शिरताच एक तरुण हातात टोपली घेऊन आपल्या मागे चालू लागतो. आपण जे जे हातात घेऊन पाहतो ते ते तो टोपलीत ठेवतो. किंमत विचारावी तर, “आधी आवडलेले सर्व निवडा, किमतीचे नंतर पाहू,” असे गोड उत्तर मिळते. शेवटी टोपली गल्ल्याशी रिकामी होते, एका कागदावर अवाढव्य आकडा लिहिला जातो आणि कागद व पेन आपल्यापुढे सरकवले जाते: आता तुमचा आकडा तुम्ही लिहा. बोलून केलेली घासाघीस हवेत विरते. लिहिलेला आकडा मात्र समोर दिसत राहतो आणि तो फार खाली लिहायला हात धजत नाही. सासूबाईंच्या दंडकांत या कागदाची तरतूद नव्हती. मी पहिल्याच दुकानात हरले. जिराफांच्या जोडीचे त्याने साडेचार हजार शिलिंग लिहिले होते. मी धीर करून अडीच लिहिले आणि त्याने इतक्या तत्परतेने हात मिळवला की मला तिथेच कळायचे ते कळले. त्या वेळी शंभर शिलिंग म्हणजे सदुसष्ट-अडुसष्ट रुपये होत.

पैसे देतानाही एक गंमत झाली. केनियाने त्याच वर्षी हजार शिलिंगच्या जुन्या नोटा बाद करण्याचे जाहीर केले होते आणि सप्टेंबरअखेर ही त्यांची मुदत होती. त्यामुळे प्रत्येक दुकानदार हजाराची नोट उलटसुलट करून पाहत होता. आम्हा सहाही जणांना आपला २०१६ चा नोव्हेंबर आठवला.

गाडीत बसल्यावर आमच्या चालकाने विनयाने विचारले, खरेदी चांगली झाली ना? यजमान म्हणाले, “याला इथे किती मिळाले असतील?” स्वच्छ स्वच्छतागृह, मोफत कॉफी आणि नेमक्या त्याच दुकानापाशी गाडी थांबणे यांचा परस्परसंबंध एव्हाना आमच्या लक्षात आला होता. आमच्यातल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी या विषयावर चालकाला चार शब्द सुनवावेत असा प्रस्ताव मांडला. मग गाडीत जी शांतता पसरली ती बराच वेळ टिकली. पाठवलेल्या गिऱ्हाइकामागे टक्केवारी घेण्याच्या प्रथेवर आपल्या व्यवसायातल्या माणसांनी बोलायचे म्हणजे फारच थोड्यांना तो अधिकार उरतो. आम्ही जिराफ मांडीवर घेऊन पुढे निघालो.

पुढील दिवसांत मात्र मी अभ्यास केला. तिथल्या भाषेत आपल्याला जागोजागी ओळखीचे चेहरे भेटतात. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, हिशेबाला ‘हेसाबू’. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला सुमारे बत्तीस हजार हिंदी मजूर नेले गेले. त्यांच्या मागोमाग आणि काही त्यांच्याही आधी गुजराथी व्यापारी गेले. १९२० पर्यंत त्या मुलखात रुपयाच चालत होता. आमच्या दांडिया बाजारातल्या दवाखान्यात येणाऱ्या कित्येक कुटुंबांचे कुणी ना कुणी नैरोबी-किसुमूला असते, त्यामुळे हे शब्द परके वाटत नाहीत. परके वाटतात ते नात्यांचे शब्द. ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘मामा’ म्हणजे आई! नारोकच्या बाजारात एक मिशाळ गृहस्थ मला “दादा, दादा” अशी साद घालत मागे आला आणि यजमानांना “काका” म्हणून नमस्कार करता झाला, तेव्हा आमच्या संसाराचे गणित क्षणभर कोलमडले.

भाव करण्यासाठी चार शब्द पुरतात. ‘बेई गानी?’ म्हणजे किंमत काय. ‘घाली साना’ म्हणजे फार महाग. ‘पुंगुझा किदोगो’ म्हणजे थोडे कमी करा. आणि ‘बेई या म्वीशो’ म्हणजे छेल्लो भाव, ज्यावर तिथेही कुणाचा विश्वास नसतो. हे शब्द उच्चारले की विक्रेता हसतो आणि हसल्यावर किंमत दहा टक्क्यांनी उतरते.

वस्तूंचीही पारख करायला शिकले. एबनी म्हणून विकल्या जाणाऱ्या काळ्याभोर मूर्तींपैकी पुष्कळशा बुटाच्या पॉलिशने काळ्या झालेल्या असतात. ओला रुमाल तळाशी घासावा. खरे काळे लाकूड ‘म्पिंगो’ नावाच्या झाडाचे. ते आपल्या शिसवीच्या कुळातले, इतके जड की पाण्यात बुडते, आणि त्यापासून क्लॅरिनेटसारखी वाद्ये बनतात. ते झाड आता दुर्मीळ झाल्याने कारागीर जॅकरंडा, आंबा, इतकेच काय कडुनिंबही कोरतात. कडुनिंबाला तिथे ‘म्वारोबाइनी’ म्हणतात. ‘अरोबाइनी’ म्हणजे चाळीस, चाळीस रोगांवर चालणारे झाड. भारतातून गेलेल्या झाडाने तिथे जाऊन एवढी प्रॅक्टिस जमवली याचा मला अभिमान वाटला. लाकडावरचे हे कोरीवकाम अकाम्बा लोकांकडे फार प्राचीन काळापासून असेल अशी माझी समजूत होती. वस्तुतः पहिल्या महायुद्धात सैन्याबरोबर टांगानिकात गेलेला मुतिस्या मुंगे नावाचा त्यांच्यातला एक मनुष्य तिथल्या कारागिरांकडून ते शिकून आला आणि वामुन्यू या आपल्या गावी त्याने ते रुजवले. शंभर वर्षांची परंपरा. आपल्याकडच्या पुष्कळ ‘प्राचीन’ परंपरांचे वय तपासले तर याहून फार भरेल असे नाही.

एका ठिकाणी मी अत्यंत चिवट घासाघीस करून ‘कांगा’ नावाचे सुती वस्त्र घेतले. त्याच्या काठावर स्वाहिली भाषेत एखादे वचन छापलेले असते. रात्री तंबूत घडी उलगडली तेव्हा कोपऱ्यात भारतात छापल्याची मोहोर सापडली. आपल्या जेतपूरला आफ्रिकेसाठी कांगा छापतात हे मला इतकी वर्षे गुजराथेत राहून ठाऊक नव्हते. यजमान तीन दिवस हसत होते.

मी हे सर्व इतके विस्ताराने सांगितले ते परतीच्या दिवशी मी किती तयारीची झाले होते, हे कळावे म्हणून.

नारोक मागे पडून तासभर झाला असेल. एका वळणावर पत्र्याची एक टपरी दिसली. पुढे फळीवर किसीच्या दगडाच्या वस्तू मांडलेल्या. चालक थांबायला नाखूश होता, यावरूनच मी ओळखले की येथे त्याचे कुणी नाही. दुकानदार साठीचा, किडकिडीत, अंगात जुना कोट. हा दगड पश्चिम केनियातल्या तबाका गावच्या खाणींत निघतो. म्हातारा त्याच भागातला. आपण ज्याला शंखजिरे म्हणतो तोच हा मऊ दगड. ज्याची पावडर बाळाच्या अंगाला लावू नका म्हणून मी तीस वर्षे आयांना सांगत आले, त्याच्याच कुळातल्या दगडावर मी भाळले. वीतभर उंचीची मूर्ती होती: गुडघे दुमडून बसलेली आई आणि तिच्या कवेत मूल. दोघांनाही चेहरा नव्हता. तरी मूल पीत आहे हे खांद्याच्या वळणावरून कळत होते. बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर ठेवायला याहून योग्य वस्तू कोणती? मी ती ताबडतोब खाली ठेवली.

बेई गानी? अडीच हजार. मी पाचशे म्हटले. तो दुखावल्यासारखा झाला. मी पाणघोड्यांकडे वळले. दोन हजार. सहाशे. त्याने मूर्ती पालथी करून तळ दाखवला, नखाने खरवडून दाखवली, ओल्या वाळूकागदाने किती दिवस घासावी लागते ते हातवाऱ्यांनी सांगितले. मी घाली साना म्हटले. हजारावर तो अडला. मी दोनदा पाठ फिरवली; दुसऱ्यांदा गाडीच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा हाक आली. सातशे. म्हणजे आपले पावणेपाचशे रुपये. त्याने मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळली, दोरी बांधली आणि दोन्ही हातांनी माझ्या हाती दिली. मी विजयी मुद्रेने गाडीत बसले, गाडी निघाली आणि दोनशे पावलांवर मागच्या चाकातली हवा गेली.

जादा चाक काढले तर तेही बसलेले. एका मोटारसायकलवाल्याबरोबर चाक पुढच्या गावी रवाना झाले. आता दीड तास तरी येथेच. ऊन तापले होते आणि मैलभरात दुसरी सावली नव्हती. म्हाताऱ्याने लांबून पाहिले असावे. तो आला आणि म्हणाला, “करीबू.” या. आम्ही सहाही जण मुकाट्याने त्याच्या टपरीत जाऊन बसलो. मागच्या खोलीतून त्याची सून दुधाचा, पुष्कळ साखरेचा चहा घेऊन आली. ज्याच्याशी आपण अर्धा तास शर्थीने झुंजलो त्याच्या घरचा चहा पिणे सोपे नसते. कपाकडे पाहत मी विचारले, ती मूर्ती तुम्हाला केवढ्याला पडली? इंग्रजी त्याला बेताचे येत होते. चालकाने दुभाष्याचे काम केले. “सहाशेला. शिवाय बसचे भाडे.” मग का दिलीत? त्याने खांदे उडवले. तीन दिवस एकही गाडी थांबली नव्हती. काल तुम्ही आला असतात तर सातशेला मुळीच दिली नसती. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. बाजार कसा असतो ते सांगावे तसे सांगितले. वर म्हणाला, “काळजी नको, मामा. तोट्यात मी विकत नाही.”

सुनेच्या पाठीवर कापडात बांधलेले मूल होते. कप परत नेण्यासाठी ती वाकली तेव्हा मला त्या मुलाचा श्वास ऐकू आला. खोकला नव्हे, श्वास. तीस वर्षे तेच ऐकलेल्या कानाला तो निराळा कळतो. मी डॉक्टर असल्याचे चालकाने सांगितले तेव्हा म्हातारा “दाकतारी?” म्हणून सावरून बसला. मूल सात महिन्यांचे. तीन दिवस खोकला. अंगावर पीत होते, डोळे टवटवीत होते. मी त्याला आईच्या मांडीवर घ्यायला लावले, ते शांत होईपर्यंत थांबले आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. अठ्ठावन्न. पुन्हा मोजले. छप्पन्न. दोन महिने ते वर्षभराच्या मुलात पन्नासपर्यंत पोहोचले की न्यूमोनिया समजायचा, हे आपण सर्व जण विद्यार्थ्यांना शिकवतो. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन यांनी १९८० च्या दशकात नुसत्या मोजणीवर आणि बरगड्यांच्या निरीक्षणावर भर देणारी जी पद्धत घालून दिली, ती बिनयंत्राच्या जागी किती मोलाची आहे हे वर्गात सांगणे वेगळे आणि स्टेथोस्कोप घरी राहिला असताना पत्र्याच्या टपरीत अनुभवणे वेगळे. बरगड्यांखाली खळगा पडत नव्हता. म्हणजे रुग्णालयात भरती करण्याची गरज नव्हती. तोंडाने अमॉक्सिसिलिन पुरेसे होते. पण ते आज हवे होते.

सून आत जाऊन मुलाची पुस्तिका घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपलेली. सर्व लसी वेळेवर, न्यूमोकोकसचे तिन्ही डोस दिलेले. केनियाने ही लस २०११ मध्येच आपल्या कार्यक्रमात आणली. आपल्याकडे ती सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. ती पुस्तिका मी काहीशा मत्सराने चाळली. आमच्या प्रवासी औषधपेटीत मोठ्यांच्या गोळ्या होत्या. पण परक्या देशात, पुढे पाहायला न थांबता, अंदाजाने तुकडा मोडून देणे मला प्रशस्त वाटले नाही. तिथल्या आरोग्यकेंद्रात २०१३ पासून शुल्क घेत नाहीत. तेथे जाणे एवढेच करायचे होते. मी म्हटले, आत्ता जा.

“केशो,” ती म्हणाली. उद्या. उद्या बाजाराचा दिवस, प्रवासी गाडी येते, भाडे थोडे पडते.

“लेओ,” मी म्हटले. आज.

ती म्हणाली, संध्याकाळी नवरा येईल. मी म्हटले, केंद्र बंद होईल. ती म्हणाली, मूल पीत आहे, हसत आहे. मी म्हटले, म्हणूनच आज. पिणे थांबल्यावर नव्हे. हीच ओढाताण मी रोज दवाखान्यात करते. ‘मॅडम, बे दहाडा जोई लइए?’ दोन दिवस वाट पाहू का? तिथे माझ्या बाजूला टेबल असते, पाटी असते, पदवी असते. येथे मी तिच्याच स्टुलावर, तिचाच चहा पिऊन बसले होते. हिला पाठ फिरवून दाखवण्याची सोय नव्हती. शेवटी ती गप्प झाली आणि सासऱ्याकडे पाहू लागली. केंद्र चौदा किलोमीटरवर होते. बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, जाऊन-येऊन चारशे शिलिंग मागते, असे चालकाने हळूच सांगितले.

मी पर्स उघडून पाचशेची नोट काढली. म्हाताऱ्याने माझा हात मागे सारला. चेहरा कठीण झाला होता. तो उठला, फळीवरून एक पाणघोडा उचलला, कोटाच्या बाहीने पुसला आणि माझ्यासमोर ठेवला.

“पाचशे,” तो म्हणाला.

आणि वाचकहो, सांगायला लाज वाटते, पण सवय ही गोष्ट अशी असते की माझ्या तोंडून निघून गेले, “तीनशे!”

टपरीत क्षणभर कुणी श्वास घेतला नाही, त्या मुलाखेरीज. यजमानांनी डोळे मिटून घेतले. मग म्हातारा हसू लागला. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. सूनही हसली. चालकाला तर उभे राहवेना. “म्वीशो,” म्हातारा डोळे पुसत म्हणाला, “बेई या म्वीशो, दाकतारी. पाचशे.” मी पाचशे दिले. त्याने पाणघोडा वर्तमानपत्रात गुंडाळला, दोरी बांधली, दोन्ही हातांनी दिला, मग नोट सुनेच्या हातात ठेवली आणि रस्त्यावर जाऊन हात वर केला. दहा मिनिटांत बोडा-बोडा आली. ती मुलाला पुढे घेऊन, वर कांगा लपेटून मागे बसली आणि धुळीत दिसेनाशी झाली. आमचे चाक त्यानंतर अर्ध्या तासाने आले.

दुसऱ्या रात्री नैरोबीच्या विमानतळावर सामान उतरवताना चालकाने आपणहून म्हाताऱ्याला दूरध्वनी लावला. जाताना त्याने क्रमांक घेऊन ठेवला होता. मला सुचले नव्हते. बराच वेळ स्वाहिलीत बोलणे चालले. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या दिल्या आहेत, असे त्याने आम्हाला सांगितले. खोकला आहे, पण रात्री मूल झोपले आणि श्वास आता धावत नाही. उद्या पुन्हा दाखवायला बोलावले आहे, आणि उद्या ती नक्की जाणार आहे.

“आणखी काही म्हणाला?” मी विचारले, कारण चालक ओठ दाबून हसत होता.

“म्हणाला, दाकतारीला सांग, पाणघोडा दोनशेचा होता.”